लुंबिनीला जायचे, पण कोणत्या महिन्यात?

आमच्या पेण-रोह्याकडच्या माणसांची परदेशवारी म्हणजे बहुधा नेपाळच. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येते, व्हिसा लागत नाही. पाठीवर एक सॅक, अंथरायला चादर, बस्स. प्रश्न एवढाच, की जायचे केव्हा?

आईचा हट्ट वैशाख पौर्णिमेचा. म्हणून पहिल्या खेपेला आम्ही तिला मे महिन्यातच नेले. तराईचा तो उन्हाळा! पारा चाळिसाच्या वर, अंगाला लू झोंबते. अशोकस्तंभासमोर आईला भोवळ आली. मायादेवी मंदिराच्या सावलीत तिला बसवून आम्ही वारा घालत राहिलो. डोळे भरून काही पाहता आले नाही, ही खंत तिने घरी येऊन बोलून दाखवली.

पावसाळ्यात तर आवणीची घाई. भिक्खूसुद्धा वर्षावासात प्रवास टाळतात, मग आपण कशाला निघावे? डिसेंबर-जानेवारीत त्या बाजूला दाट धुके पडते आणि गाड्या तासन् तास रखडतात. धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबणाऱ्याचा एकेक खाडा म्हणजे एकेका दिवसाची मजुरी. फलाटावर बसून ती घालवणे परवडत नाही. फेब्रुवारी हवेला उत्तम, पण मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात.

राहिला ऑक्टोबर-नोव्हेंबर. हवा छान, आभाळ स्वच्छ. मात्र त्यातही दशैं-तिहारात नेपाळी लोक गावी जातात, तेव्हा बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आणि दिवाळी ते छठ गोरखपूरच्या गाड्यांचे तर विचारूच नका. शिवाय भातकापणी! घरातली दोन माणसे कमी झाली तर खळे कोणी करायचे?

म्हणून आम्ही ठरवले : छठ उरकल्यावर निघायचे. तोवर भात झोडून घरात आलेले असते. दिव्याहून कल्याण, तिथून कुशीनगर एक्स्प्रेसने दीड दिवसात गोरखपूर, पुढे बसने सोनौली, सीमा ओलांडून भैरहवा. तिथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. छठनंतर मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भरतात, म्हणून परतीचे आरक्षण आधी करावे. ते ६० दिवस अगोदर खुले होते. सोबत शंभराच्या व त्याखालच्या नोटा ठेवाव्यात. भारताच्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात.

बाबासाहेबही काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले ते नोव्हेंबर १९५६ मध्येच, प्रकृती ढासळलेली असताना.

आईला हे सांगितले. ती म्हणाली, "पण पौर्णिमा?" आम्ही कॅलेंडर दाखवले. छठनंतर नवव्या दिवशी कार्तिक पौर्णिमा. आणि ६ डिसेंबरच्या आत चैत्यभूमीला परत. तिने लगेच लोखंडी पेटीतून शाल काढून उन्हात टाकली.