बल्ब लावून बघ

मार्चमधली दुपार. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसवर मी तेव्हा जनरेटर सांभाळायचो. प्रीकूलिंगच्या दोन्ही खोल्या द्राक्षांनी भरलेल्या आणि लाईट गेलेली. 125 केव्हीएचा सेट पाऊण तास चालला आणि आपोआप बंद पडला. पॅनेलवर लाल दिवा : पाणी तापलं.

जरा निवू दिला आणि पुन्हा चालू केला. या वेळी वीसच मिनिटं. मालक येऊन मुकाट उभे राहिले. बागेतून आलेला घड सहा-आठ तासांत जवळपास शून्य अंशांवर आणावा लागतो. उशीर झाला की आधी देठ वाळतो, आणि परदेशचा ग्राहक आधी देठच बघतो. घाईत मी फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. पाव फेरा झाला असेल-नसेल, वाफेचा फवारा मनगटावर आला. तो डाग अजून आहे.

मिस्त्रीमामा आले ते मनगट बघूनच म्हणाले, "शिकलास ना? ते झाकण दाब धरून ठेवतं. दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलंस की सगळं एकदम उसळतं." झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाबही टिकत नाही. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे इथे उघडं पाणी 98 अंशांनाच उकळतं, हेही मला त्या दिवशी कळलं.

"जाळी साफ करतोस का?"

"दर आठवड्याला, मामा. चकाचक आहे."

त्यांनी मला बल्ब घेऊन पंख्याच्या बाजूला धरायला लावलं आणि स्वतः बाहेरून जाळीला डोळा लावला. "ये, तूच बघ." मी बघितलं. एका कोपऱ्यात चाळणीसारखे चार-दोन ठिपके, बाकी सगळा अंधार.

गाडीचा पंखा बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे घाण बाहेरच्या तोंडावर बसते. आमच्या सेटचा पंखा इंजिनावरची हवा जाळीतून बाहेर ढकलायचा. म्हणजे घाण बसणार आतल्या बाजूला, आणि मी इमानेइतबारे पुसत होतो बाहेरची. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलकट वाफ, त्यावर रस्त्याची धूळ आणि शेजारच्या शेडमधून उडालेली कांद्याची सालं, असा गोधडीसारखा थर झाला होता. भरीला गरम हवा जिथून बाहेर पडते, तिथेच कुणीतरी रिकामे कॅरेट रचले होते. म्हणजे तीच हवा फिरून आत.

मामांनी थर्मोस्टॅट काढून चहाच्या पातेल्यात सोडला. पाणी तापल्यावर तो नीट उघडला, म्हणजे तो निर्दोष. मग खालचा कॉक सोडला, तर पाणी गंजाच्या रंगाचं. वरचा होज काढला, तर नळ्यांच्या तोंडाशी गिझरच्या कॉइलवर धरतो तसला पांढरा क्षार. इथे मात्र मी मान खाली घातली. दोन हंगाम मी बोअरचं पाणी बादलीने ओतत होतो. निफाडला थंडी कितीही पडली तरी इंजिनातलं पाणी काही गोठत नाही, मग कूलंटला पैसे कशाला घालायचे, हा माझा हिशेब. कूलंट गंज आणि क्षार रोखतं, उकळबिंदू वाढवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

ती रात्र भाड्याच्या जनरेटरवर काढली. रेडिएटर नाशिकला नेऊन दोन्ही टाक्या उघडल्या, नळ्यांत रॉड मारले, जाळी बाहेरून आत, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, धुतली. नवं झाकण, नवा पट्टा, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. त्यानंतर भर उन्हात, पूर्ण लोडवरही काटा 85च्या पुढे गेला नाही. खर्च झाला तो एका रात्रीच्या भाड्याहून कमी.

आज माझ्या हाताखाली तीन सेट आहेत. डिसेंबरअखेर, द्राक्षं सुरू व्हायच्या आधी, नव्या पोराला मी तोंडी काहीच विचारत नाही. इंजिन थंड असताना त्याच्या हातात बल्ब देतो आणि पलीकडून बघतो. तुमच्याकडेही सेट असेल, तर हंगामाआधी एवढं कराच. पलीकडे उजेड दिसला नाही, तर तो सेट लोडवर घेऊ नका.