अंगवळण

कौशल्य कोठे वसते, हे मराठीने आपल्या वाक्प्रयोगांतून फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. हात बसतो, हाताला वळण लागते, एखादी गोष्ट अंगवळणी पडते. यांत बुद्धीचा उल्लेखही नाही. वर्गात मात्र शिकणे म्हणजे ध्यानात ठेवणे, हाच अर्थ रूढ आहे.

तो अर्थ किती अपुरा आहे, हे हेन्री मोलाइसन या अमेरिकी रुग्णामुळे उघड झाले. अपस्मारावरील उपचार म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याच्या चुका घटत गेल्या. पण आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला दर वेळी काहीच आठवण नसे.

हाताचे शिकणे मेंदूतील वेगळ्या यंत्रणांवर चालते. लहान मेंदू हालचालीचा परिणाम आधीच अजमावतो, प्रत्यक्षाशी ताडून पाहतो आणि पडलेला फरक पुढच्या खेपेस सुधारतो. मेंदूच्या गाभ्यातील केंद्रे सुट्या हालचालींची साखळी गुंफतात. हा फरक प्रत्यक्ष केल्यावाचून मेंदूला कळत नाही. म्हणूनच पोहण्याचे वर्णन ऐकून कोणी पोहू लागत नाही.

आमच्या देऊळगाव राजात, बालाजी महाराजांच्या आश्विनातील यात्रेत, लाटा मंडप उभारला जातो. लाटा म्हणजे उंच, जड लाकडी खांब. असंख्य हात मिळून ते उभे करतात. केव्हा जोर लावावा, केव्हा सैल सोडावे, हे सांगून समजत नाही. जाणत्यांच्या शेजारी उभे राहूनच ते अंगात येते.

लेखनाचेही असेच आहे. टाळेबंदीच्या काळात आमच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत केवळ पर्यायांवर खुणा केल्या. २०२२ मध्ये तीन तासांचे लेखी पेपर पुन्हा आले, तेव्हा उत्तरे ठाऊक असलेली मुलेही तासाभरातच बोटे झटकू लागली. वाक्याच्या घडणीला मिळायला हवे ते लक्ष काना, मात्रा, वेलांटी यांवर खर्च होत होते. हात थकला की विचारही आखूड होतो, हे त्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला दिसले.

तेव्हापासून आम्ही निबंधाची लक्षणे सांगण्याचा वेळ कमी केला आहे. तासाच्या आरंभी दहा मिनिटे सारा वर्ग वहीत लिहितो. काय लिहिले, हे आम्ही रोज तपासत नाही. लिहिणे मात्र एक दिवसही चुकवू देत नाही.