कोळसा, दगड आणि जजसाहेबांची डुलकी

माझ्या आवडत्या तीन समकालीन कलाकृतींपैकी एकही घरात टांगता येणार नाही. दोन तर सिनेमे आहेत. आणि तिसरा कलाकार बऱ्याचदा थेट गॅलरीच्या भिंतीवरच चित्र काढतो. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा कोरी.

आधी त्याच्याबद्दल. प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६, गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती. घरच्या पिढ्या कोळसा खाणीत राबल्या. हा खैरागढ आणि बडोद्याला चित्रकला शिकला आणि चित्रं काढायला हातात घेतला तोही कोळसाच. त्याच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा असतो, नाहीतर एखादं अवजार. मागे पोखरलेली, उसवलेली जमीन.

मला ही चित्रं इतकी का लागली? आमच्या सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. त्यात आमचंही दीड एकर गेलं. मोबदला मिळाला, स्लॅबचं घर झालं, माझं एज्युकेशन लोन फिटलं. हिशेब केला तर तक्रारीला जागा नाही. तरी बाबा उरलेल्या वावरात गेले की धुऱ्यावर उभे राहून रस्त्याकडे बघत बसतात. पाचपुतेच्या एका चित्राचा फोटो मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचा फोन आला, “हे तं आपल्या वावरासारखं दिसते रे!” जमिनीबद्दल आम्ही दोघं पैसे सोडून काही बोललो, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसरी कलाकृती चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४). गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा खटला उभा राहतो. कांबळे झालेत आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने ते गेले. या सिनेमात कॅमेरा सहसा जागचा हलत नाही. शेवटी सुट्टीवर गेलेले जजसाहेब बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून उठवतात, ते एकाच्या कानाखाली वाजवतात. संपलं. तारखांवर तारखा पडताना माणूस कसा झिजतो, हे एकही भाषण न ठोकता कळतं.

तिसरा नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ (२०१३). शेवटचा दगड सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या आधीचा प्रसंग जास्त छळतो. जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर मात्र निसटतं. थिएटरात आपणही राष्ट्रगीताला उभे राहतो, म्हणून आधी हसू येतं आणि मग ते घशातच अडकतं.

ऑफिसात माझं काम म्हणजे ॲप आणखी फास्ट करणं. दोन सेकंदांचं एक सेकंदावर आणलं की टाळ्या. या तिन्ही कलाकृती मला नेमकं उलटं करायला लावतात. थांब म्हणतात. खाण, कोर्ट, शाळेचं मैदान, सगळं रोजचंच. पण तिथे कुणाचं काय गेलं, हे थांबल्याशिवाय दिसत नाही. आमच्या मोबदल्याच्या कागदावर क्षेत्रफळ होतं, दर होता. बाबांचं धुऱ्यावर उभं राहणं कुठल्या रकान्यात लिहिणार?

तुम्हीही बघा. फोनवरच बघा, हरकत नाही. फक्त फोन आडवा धरा, नोटिफिकेशन बंद ठेवा आणि ‘कोर्ट’ दीडपट स्पीडने लावू नका.