आमच्या आत्याबाई

आत्याबाई आमच्या घरी आल्या तेव्हा त्या आत्याबाई नव्हत्या. खरं तर बाईही नव्हत्या. मनूने, आमच्या मुलीने, हॅचरीत जन्मलेले बोटाच्या पेराएवढे दोन क्लाऊनफिश आणले होते. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, चाल डगमगती. क्लाऊनफिशची सगळी पिल्लं आधी नर असतात. दोघांना एकत्र सोडलं की मारामारी होते, वरचढ ठरतो त्याची मादी होते आणि हरलेला नरच राहतो. तो लहानही राहतो. पीटर बस्टन या संशोधकाने २००३ साली पापुआ न्यू गिनीतल्या क्लाऊनफिशबद्दल हेच दाखवलं होतं, की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढ आवरती ठेवतो, म्हणजे वरच्याशी झुंज ओढवत नाही.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, ते आमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये उलट्या बाजूने घडलं. वर्षभरात थोरल्याच्या आत्याबाई झाल्या. धाकट्याला मग काका म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

टाकी तीन फुटी, खाऱ्या पाण्याची. समुद्र जवळ असला तरी मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी तिला चालत नाही. आरओ-डीआयच्या शुद्ध पाण्यात विकतचं मीठ कालवून समुद्र घरीच करावा लागतो. घनता १.०२५, तापमान २६ अंश. कठीण प्रवाळ आम्ही ठेवले नाहीत. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या वाळूत सापडलेला मेलेला तुकडासुद्धा घरी आणता येत नाही. म्हणून खडक सिरॅमिकचे आणि त्यांवर झोअँथिड, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत झोआ. शर्टाच्या बटणाएवढे हिरवे-केशरी जीव, गालिच्यासारखे पसरणारे. शिवाय एक क्लीनर कोळंबी आणि काच चाटत फिरणाऱ्या काही गोगलगायी.

या सगळ्यांवर आत्याबाईंचा अंमल होता. पुरत्या वाढल्यावरही त्या साडेतीन इंचांच्या पुढे गेल्या नाहीत, पण टाकीत हात घातला की सरळ चावायच्या. चावा लागत नसे, दचकायला मात्र होई. काका जवळ आले की त्या अंगावर धावायच्या, आणि काका आडवे होऊन थरथरायचे. क्लाऊनफिशमध्ये शरणागती अशीच पत्करतात. ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "बघ, संसार असा करायचा असतो."

समुद्रात क्लाऊनफिश समुद्रफुलाच्या, म्हणजे अॅनिमोनीच्या कुशीत राहतो. आमच्याकडे समुद्रफूल नव्हतं. आत्याबाईंनी त्याच्या जागी झोआंचा गालिचा पसंत केला आणि तिथून दुखणं सुरू झालं. झोआ उघडेचनात. मनूने क्षारता मोजली, कॅल्शियम मोजलं, फॉस्फेट मोजलं, दिव्याची उंची बदलली. सगळे आकडे पुस्तकात छापावेत असे, आणि झोआ मिटलेल्या. शेवटी रात्री दिवे मालवल्यावर ती टॉर्च घेऊन टाकीसमोर बसली. आत्याबाई झोआंवर लोळत होत्या, अंग घासत होत्या, शेपटीने वारा घालत होत्या. ज्याच्यावर रात्रभर कुणी लोळतं, तो दिवसा तोंड कसं उघडणार? आम्ही झोआंचा एक तुकडा टाकीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. आठवडाभरात तो उघडला, गालिचा मात्र मिटलेलाच राहिला.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन वर्ग बंद पडले, आणि आमच्या टाकीतले पंपही. पंप थांबले की पाणी ढवळायचं थांबतं आणि ऑक्सिजन उतरू लागतो. थोड्या वेळात काका पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करायला लागले, मग आत्याबाईही. मनू म्हणाली, पाणी काढा आणि उंचावरून परत ओता. ही देवघराशेजारचा तांब्या घेऊन धावली. मनू एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या. तांबं माशांच्या काही रोगांवर औषध म्हणून वापरतात, पण कोळंबी, गोगलगाय आणि झोआ यांना ते जहर आहे. प्लास्टिकचा मग सापडला आणि आम्ही पाळीपाळीने पाणी उपसत, ओतत बसलो. आत्याबाई धापा टाकत होत्या, तरी मग पाण्यात शिरला की त्याच्यावर तुटून पडत होत्या.

पुढे मनू नोकरीसाठी पुण्याला गेली आणि टाकी माझ्याकडे आली. काही बिनसलं की मी फोन करायचो आणि आकडे वाचून दाखवायला लागायचो. ती मध्येच तोडायची. "बाबा, आकडे नंतर. आधी सांग, कोण कुठे आहे?"

त्या प्रश्नातलं शहाणपण मला हळूहळू कळलं. सगळे मासे वर येऊन धापा टाकत असतील तर ऑक्सिजन कमी आहे. मासे ठीक, पण कोळंबी लटपटतेय आणि गोगलगायी काचेवरून खाली पडल्यात, तर पाण्यात तांबं किंवा कीटकनाशक शिरलंय. मासे आणि कोळंबी दोन्ही मजेत, फक्त झोआ मिटलेल्या, तर क्षारता, प्रकाश, नाहीतर कुणाचा तरी जाच. बाटलीतल्या रंगावरून आकडा कळतो. रोख कुठे वळवायचा ते टाकीतली माणसं सांगतात. 'माणसं' हा मनूचाच शब्द.

एकदा मी घाबरून सांगितलं, "कोळंबी मेली. खडकाखाली पांढरी पडलीये."

"नीट बघ. आत काही आहे, की नुसतं टरफल?"

टरफलच होतं. कोळंबी कात टाकून कपारीत दडली होती; नवं कवच घट्ट होईपर्यंत ती बाहेर येत नाही. आत्याबाई त्या रिकाम्या टरफलाला ढुशा देत होत्या.

सोसायटीने जिन्यात आणि गटारांवर झुरळांचं औषध मारलं, तेव्हा मात्र टरफल नव्हतं. टाकीचा स्किमर पाण्यात बुडबुडे करण्यासाठी खोलीतलीच हवा ओढतो, आणि हवेत जे असेल ते पाण्यात उतरतं. पायरेथ्रॉइड जातीची औषधं कोळंबीला अगदी थोडी असली तरी पुरतात. संध्याकाळी गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या आणि कोळंबी कुशीवर पडून पाय झाडत होती. काका-आत्याबाई पोहत होते, फक्त जेवले नाहीत. फोनवर मनूने पटापट सांगितलं आणि मी केलं : स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडली, ताजा कार्बन ठेवला, पाणी बदललं. कोळंबी वाचली नाही. आत्याबाई दोन दिवस उपाशी राहिल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या बोटाला चावल्या आणि मग खाल्लं.

पावसाळ्याचं दुखणं निराळं. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवन होऊन तापमान दोन-तीन अंश उतरतं. जुलैत मुंबईची हवाच ओली. पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो. शिवाय खिडक्या बंद, घरात माणसं, त्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. अशा दिवसांत आत्याबाई पंपाच्या धारेसमोर ठाण मांडून बसायच्या. ते दिसलं की मी थर्मामीटर बघायचो. पारा बहुतेक वेळा वर गेलेलाच असायचा.

क्लाऊनफिश पाळला तर बराच जगतो. काही वीस वर्षांच्याही पुढे गेलेत. आत्याबाई दहाच्या पुढे गेल्या. एका सकाळी काच पुसायला हात आत घातला आणि त्या आल्याच नाहीत. मी हात तसाच आत धरून थांबलो. त्या झोआंवर एका अंगाला कलून होत्या.

"मनू, चावल्या नाहीत."

पलीकडे ती क्षणभर गप्प झाली. मग तिने एकेक विचारलं. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके? नाहीत. सोनेरी धूळ? नाही. दाट चिकट पापुद्रा? नाही. श्वास? सावकाश. मग तिने आकडेही विचारले. अमोनिया शून्य, नायट्रेट दहा, क्षारता साडेआठ, घनता तीच. बदलावं असं काही सापडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत आत्याबाई गेल्या.

काकांचं काय होणार, याचं उत्तर निसर्गाकडे तयार होतं. वरची जागा रिकामी झाली की नराची मादी होते. वागणं काही दिवसांत बदलतं, शरीराला महिने लागतात. मनूने पुण्याहून येताना हॅचरीतलं एक पिल्लू आणलं. जन्मभर थरथरलेले काका त्याच्यावर धावून गेले, आणि ते आडवं होऊन थरथरलं. त्यानंतर काका वाढू लागले. झोआंशी त्यांचं काहीच नातं नव्हतं. त्यांनी पाणी परत येणाऱ्या पाइपाखालचा कोपरा धरला. इतकी वर्षं मिटलेला गालिचा उघडला आणि खडकाच्या दुसऱ्या बाजूला पसरला. पाण्याचे आकडे होते तेच होते.

या वर्षी पाइपाखालच्या खडकावर नारिंगी अंड्यांचा पट्टा दिसला. पूर्वी आत्याबाई अंडी घालायच्या आणि काका शेपटीने वारा घालत राखण करायचे. आता अंडी काकांची होती आणि वारा घालायला पिल्लू. नीट बघावं म्हणून मी जरा खडकाजवळ हात नेला.

"मनू, काका चावले."

"मग सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "आकडे उद्या बघ."