कामालच्या मुलाचे घर

आडनाव हा आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांच्या आयुष्यातला एक न संपणारा प्रश्न आहे. परगावी नाव सांगितले की समोरचा क्षणभर थबकतो आणि विचारतो, "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" मूळचे इथलेच, या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. घरात सामवेदी बोली, वाडीत केळी आणि पानवेल, आणि नावापुढे मात्र पोर्तुगीज आडनाव! हा मेळ त्याला लागत नाही. तरुणपणी तो मलाही नीटसा लागत नव्हता.

फातिमाची यात्रा आटोपून आम्ही पतिपत्नी उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा शहरी दोन दिवस राहिलो होतो. ब्रागा आणि गिमाराइश या शहरांच्या दरम्यान, आव्ह नदीच्या खोऱ्यात ब्रितेरूश हे गाव आहे. त्याच्या माथ्यावर संत रोमानुसच्या नावाची, सुमारे ३३० मीटर उंचीची टेकडी. तिच्यावर दोन हजार वर्षांहून जुन्या तटबंदीच्या नगरीचे अवशेष आहेत. चढ अगदी सोपा. गुडघे कुरकुरणाऱ्या माझ्या पत्नीनेही तो सहज पार केला. पायथ्याशी मक्याची शेते आणि मांडवावर चढवलेल्या द्राक्षवेली, पुढे ओक आणि निलगिरीची सावली. वाटेत जागोजागी ग्रॅनाइटचे प्रचंड खडक होते, आणि वर जाऊ तसतशा तटाच्या भिंती एकामागून एक दिसू लागल्या.

आतील नगरी पाहून मन थक्क झाले. फरसबंद रस्ते, कडेने काढलेले पाण्याचे पाट, आणि दगडी जोत्यांची शेकडो वर्तुळे. ही गोल घरे एकेकटी नाहीत. तीन-चार घरे एका फरसबंद अंगणाभोवती उभी, सर्वांभोवती एकच कुंपणभिंत. पत्नी म्हणाली, "अहो, हे तर आपल्या वाडीसारखंच. भावाभावांची घरं वेगळी, पण अंगण एक!" थोड्या अंतरावर एक मोठे वर्तुळ आहे. त्याच्या भिंतीलगत आतून सलग दगडी बाक. येथे गावाची बैठक भरत असावी, असे अभ्यासक मानतात.

ही नगरी उजेडात आणली ती गिमाराइशच्या फ्रांसिस्को मार्तिन्स सार्मेंतो (१८३३–१८९९) या विद्वानाने. १८७० च्या दशकात त्याने येथे उत्खनन सुरू केले आणि पूर्वी घरे कशी दिसत असतील हे लोकांना कळावे म्हणून दोन गोल घरे पुन्हा उभारली. ती आजही उभी आहेत. येथील लोकांना सर्रास केल्टिक म्हटले जाते, परंतु स्वतः सार्मेंतोला ते मान्य नव्हते. वाद अजून मिटलेला नाही. मूळचे कोण, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही तर!

माझे लक्ष मात्र एका लहानशा गोष्टीने वेधून घेतले. येथे सापडलेल्या एका दगडावर लॅटिन लिपीत तीन शब्द कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ, कामालचा मुलगा कोरोनेरस याचे घर. लिपी रोमन, 'घर' हा शब्द रोमन. पण बापाचे आणि मुलाचे नाव त्या मातीतले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन सैन्य या प्रदेशात शिरले. पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात खाली ब्रागा शहर वसले, टेकडीवरचे लोक हळूहळू खोऱ्यात उतरले आणि आपली भाषा विसरले.

त्यानंतर ख्रिस्ती धर्म आला. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप संत मार्टिन यांनी खेडुतांसाठी एक उपदेश लिहिला. दगड, झाडे आणि झरे यांच्यापाशी दिवे लावू नका, असे त्यात त्यांना बजावून सांगावे लागले. म्हणजे तोवर लोक ते दिवे लावत होते. आज त्याच टेकडीच्या माथ्यावर, जुन्या घरांच्या मधोमध संत रोमानुसचे छोटे चॅपेल आहे.

त्या चॅपेलच्या पायरीवर बसून आम्ही प्रार्थना केली. तेव्हा मनात विचार आला, १५३४ साली वसई ज्यांच्या ताब्यात गेली, ज्यांच्याकडून आम्हांला आडनावे मिळाली, त्यांच्याही पूर्वजांना कोणीतरी नवी भाषा आणि नवी लिपी दिली होती. तेही जिंकले गेले होते. श्रद्धा त्यांच्याकडेही बाहेरूनच आली आणि पुढे त्यांची स्वतःची झाली. आज त्या श्रद्धेला तेथे कोणी परकी म्हणत नाही. मग चार-पाच शतके आमच्या वाड्यांत रुजलेली श्रद्धाच तेवढी परकी कशी ठरावी? आणि ती आपली म्हणताना बाप्तिस्म्यापूर्वीच्या पूर्वजांना नाकारण्याचेही कारण नाही. कोरोनेरसने परक्या लिपीत का होईना, बापाचे नाव कोरून ठेवले.

आपल्या घराण्यांची जुनी नावे, शेतांची आणि विहिरींची नावे अजून वडीलधाऱ्यांच्या ओठांवर आहेत. वाड्या तोडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांबरोबर ती नावेही जातील. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी या रविवारी मिस्सानंतर त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे.