रबराची बाजू

लायगो-इंडियाविषयी बातमी आली की तिच्याखालील प्रतिक्रियांत दोन आकडे हटकून दिसतात. एक, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले २६०० कोटी रुपये. दुसरा, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या दोन भुजांची प्रत्येकी चार किलोमीटर लांबी. ही वेधशाळा ज्यावर खऱ्या अर्थाने तोलली जाणार आहे ती गोष्ट या दोन्ही आकड्यांत येत नाही. तिच्याविषयी लिहिताना मला माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल, आणि ती चूक मोटारीच्या पोटाखाली घडली.

माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली आणि काम कंपने अडविण्याचे. घरी एक जुनी टर्बो पेट्रोल सेडान आहे, वेगाची हौस असणाऱ्याने जपावी अशी. एक लाख किलोमीटर उलटल्यावर तिच्या मागच्या चाकांकडून 'खट्ट' असा आवाज येऊ लागला. वळणावर पुढचा भाग वळल्यानंतर मागचा क्षणभर रेंगाळतो आहे, असेही जाणवू लागले. ट्रेलिंग आर्मचे बुश फाटले होते.

बुश दिसायला क्षुल्लक असतो. एका लोखंडी नळीत दुसरी नळी आणि दोहोंच्या मध्ये चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. चाक वर-खाली होते तेव्हा येथे काहीही घासत नाही. मधले रबर तेवढे पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते.

मी मूळचे रबरी बुश न घेता परदेशातून पॉलियुरेथेनचे कडक बुश मागवले. रबर लवचीक म्हणून चाकाची दिशा ढळते. कडक पदार्थ वापरला की ती ढळणार नाही, असा माझा सरळ तर्क होता. आमच्या नेहमीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी तो लाल बुश अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे एवढं आवळलंत तर सांध्याला हलायला जागा कुठून मिळणार?" मी त्यांना दृढतेचे समीकरण समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि प्रेसकडे वळले.

जुने बुश सहजी निघाले नाहीत. बाहेरची नळी गंजून आर्मला धरून बसली होती. ती आतून करवतीने चिरली तेव्हा कुठे प्रेसखाली सरकली. नवे बुश ग्रीस लावून तासाभरात बसले. अलाइनमेंट यंत्राने दाखवलेले कोन अगदी नेमके होते. द्रुतगती मार्गावर गाडी धावली तेव्हा मला माझ्या तर्काचा अभिमान वाटला.

पुढे ऑगस्टमध्ये आईला घेऊन ताम्हिणी घाटातून जात होतो. पाऊस होता, वेग फारसा नव्हता. एका वळणाच्या मध्यावर खड्डा आला आणि गाडीचा मागचा भाग हातभर बाहेर सरकला. समोरून कोणी येत नव्हते, एवढेच आमचे नशीब. गाडी सावरून कडेला घेतली. आईने मागून विचारले, "गाडीत काही बिघडलं का रे?" मला उत्तर देता आले नाही. बिघडले काहीच नव्हते. मीच ती दुरुस्त केली होती.

केवळ संशयावर निष्कर्ष काढायचा नाही, ही आमच्या पेशाची शिस्त. परतल्यावर मिस्त्रींच्या मदतीने स्प्रिंग काढली आणि आर्म हाताने वर-खाली करून पाहिला. स्प्रिंग नसताना तो सहज फिरायला हवा. तो काही अंतर गेला आणि अडकला. तेव्हा चूक उमगली. चाक वर जाताना आडव्या दांड्या त्याला वर्तुळाच्या कंसात किंचित आडवेही सरकवतात, त्यामुळे ट्रेलिंग आर्मला फिरण्याबरोबर थोडे तिरपेही व्हावे लागते. रबर ही मुभा देते. माझ्या बुशने ती नाकारली. खड्ड्यात चाक पुरेसे हललेच नाही आणि ओल्या रस्त्यावरची त्याची पकड सुटली. अलाइनमेंट यंत्राने हे सांगितले नव्हते, कारण त्याने उभी गाडी मोजली होती.

अभियंत्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७७ साली आलेल्या पोर्श ९२८ च्या 'वाइसाख' रचनेत मागच्या सस्पेंशनचा लवचीकपणा जाणूनबुजून योजला होता. चालकाने वळणावर अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर चाक किंचित आत वळावे आणि गाडीची शेपटी सुटू नये, अशी ती योजना. कोणत्या दिशेला ताठ राहायचे आणि कोणत्या दिशेला नमायचे, हे तेथे आधीच ठरवलेले होते.

लायगोतील आरशांच्या टांगणीलाही सस्पेंशनच म्हणतात. चाळीस किलोचा आरसा काचेच्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या तंतूंवर, चार टप्प्यांच्या लोलकात लोंबकळत असतो. एक लोलक आपल्या नैसर्गिक वारंवारतेच्या दहापट वारंवारतेचे कंपन स्थूलमानाने शंभरावा भागच खाली जाऊ देतो. चार टप्प्यांत या घटीचा गुणाकार होत जातो. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल टिपायची तर आरसा जमिनीला घट्ट आवळून चालत नाही, त्याला मोकळे सोडावे लागते.

मात्र तेथे रबर चालणार नाही. रबर कंपनाची ऊर्जा गिळून तिची उष्णता करते, आणि जो पदार्थ ऊर्जा गिळतो तो उष्णतेमुळे स्वतःही थरथरतो. मोटारीत गुण ठरणारी गोष्ट आरशापाशी दोष ठरते. म्हणून अखेरच्या टप्प्यात ऊर्जा जवळजवळ न गिळणारी शुद्ध सिलिका लागते. पदार्थ मुळात चांगला किंवा वाईट नसतो. त्याच्याकडून काय हवे, हे आपल्याला नेमके ठाऊक असावे लागते.

मी पुन्हा रबरी बुश बसवले. या वेळी मिस्त्रींनी बोल्ट हलकेच अडकवून गाडी आधी चाकांवर उतरवली आणि मगच मला खाली शिरून टॉर्क पान्याने आवळायला लावले. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. हे मला समीकरणातून काढता आले असते. मी काढले नव्हते. त्यांना ते ठाऊक होते.

आई पुन्हा त्याच घाटातून माझ्यासोबत आली. या खेपेस तिने काही विचारले नाही.

लायगो-इंडियाच्या पुढच्या बातमीत कोटी आणि किलोमीटर वाचाल तेव्हा त्या लोलकांच्या सांध्यांचाही विचार करा. इंदूरच्या आरआरकॅटमध्ये, गांधीनगरच्या आयपीआरमध्ये, पुण्याच्या आयुकात या प्रकल्पावर काम करणाऱ्यांपुढे, कुठे ताठ राहावे आणि कुठे नमावे, हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर कागदावर काढावे लागते, आणि मग हात लावूनही पाहावे लागते.