गरम आहे, या लवकर!

मराठी विभागासाठी लेख मागायला मित्र आला तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं, "अरे, मी कॉन्व्हेंटचा. माझं मराठी आईशी आणि रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं." तो म्हणाला, "मग तसंच लिही. फक्त पाऊस, पहिलं प्रेम आणि 'ते मंतरलेले दिवस' नको, त्याचे ढीगभर लेख आलेत." तेव्हा मित्रांनो, हा लेख एका छोट्याशा प्रोग्रामबद्दल आहे. पाऊस नाही. हॉस्टेल मात्र येणार, त्याला इलाज नाही.

तर झालं असं... 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम २००४ साली आला. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे जुने रूप 'क्लासिक' या नावाने परत सुरू केले, आणि माझा रूम पार्टनर ते खेळतो. तो 'हंटर' आहे. म्हणजे गेममध्ये. हंटरला जंगली प्राणी पाळता येतात, आणि या महाशयांना हवा होता ब्रोकन टूथ. बॅडलँड्स नावाच्या रखरखीत भागात सापडणारा हा मांजर जातीतला प्राणी (आपण वाघच म्हणू, मांजर म्हटलं की पार्टनर चिडतो). याचे वैशिष्ट्य काय, तर बहुतेक पाळीव प्राणी दोन सेकंदांनी एक चावा घेतात, हा दर सेकंदाला घेतो. समोरचा मंत्र म्हणत असेल तर प्रत्येक चाव्याला अडखळतो.

अडचण एवढीच की ब्रोकन टूथ 'रेअर' आहे. साधे प्राणी मारले की काही मिनिटांत पुन्हा उगवतात. याला स्पॉन होणे म्हणतात. मराठीत 'अवतरणे' म्हणावं असं मला वाटलं होतं, पण पार्टनर म्हणाला अवतार देवांचे असतात. रेअर मात्र तासन्‌तास उगवत नाही, कुठल्या जागी उगवेल तेही नक्की नसतं, आणि दुसऱ्या कोणी आधी मारला किंवा पाळला तर पुन्हा पहिल्यापासून वाट बघा. भारतात या गेमचा सर्व्हर नाही, त्यामुळे जगभरच्या लोकांशी स्पर्धा, आणि तीही त्यांच्या वेळेला.

पार्टनर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्क्रीनकडे टक लावून बसायचा. आणि याच साहेबांना एम-थ्रीमध्ये एटीकेटी होती. महिन्यावर पेपर. हाही गेला तर वर्ष डाऊन, आणि वर्ष डाऊन झालं तर घरून पैसे बंद, हे त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं (स्पीकरवर नव्हता, तरी ऐकू आलं). गेम सोड म्हणून सांगून झालं होतं. मग मी म्हटलं, टक लावून बसायचं कामच काढून घेऊ. वाघ आला की कॉम्प्युटर ओरडेल. तू तोपर्यंत लाप्लास कर.

असे अ‍ॅडऑन तयार मिळतात, मग स्वतः लिहायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. आपण कॉलेजात चार सेमिस्टर प्रोग्राम लिहितोय. लिहायचा, आउटपुटची प्रिंट काढायची, जर्नलला लावायची, सही घ्यायची. त्यानंतर तो प्रोग्राम जगात कोणीही, कधीही चालवत नाही. मला एकदा असं काहीतरी लिहायचं होतं ज्याची कोणीतरी वाट बघत बसेल.

आणि ते सोपंही निघालं. एक फोल्डर करायचं, त्यात त्याच नावाची एक छोटी टीओसी फाइल आणि एक लुआ फाइल टाकायची, झालं. लुआ ही भाषा १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओच्या एका विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. आपल्या सी-प्लस-प्लससारखी मोजणी शून्यापासून नाही, एकपासून सुरू करते, म्हणजे अगदी माझ्या आजीसारखी. शिवाय अ‍ॅडऑनचा कोड उघडा असला पाहिजे आणि अ‍ॅडऑन फुकट असला पाहिजे असा कंपनीचा नियमच आहे, त्यामुळे दुसऱ्यांचे अ‍ॅडऑन नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. मी दोन रात्रींत जेवढं शिकलो तेवढं लॅबमध्ये... जाऊ दे.

कामाची पद्धत अशी. गेममध्ये काहीही घडलं की तो एक 'इव्हेंट' पाठवतो. आपण एक अदृश्य फ्रेम बनवायची आणि सांगायचं की मला अमुक इव्हेंट झाला की उठव. कुठल्याही प्राण्याच्या डोक्यावरची नावाची पट्टी दिसू लागली की एक इव्हेंट येतो. त्या प्राण्याच्या ओळखक्रमांकाचे डॅशवर तुकडे केले की सहावा तुकडा म्हणजे त्याचा नंबर. ब्रोकन टूथचा २८५०. जुळला की ओरडायचं. वीसेक ओळी. पण क्लासिकमध्ये ही पट्टी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तेवढ्या अंतरावर वाघ तुम्हाला दिसतोच, किंवा तुम्ही वाघाला.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट सांगतो. ही युक्ती माझी नाही, 'युनिटस्कॅन' नावाच्या अ‍ॅडऑनमध्ये ती मला सापडली. पूर्वी अ‍ॅडऑन बरंच काही खेळाडूच्या वतीने करायचे. डिकर्सिव्ह नावाचा एक होता, तुम्ही फक्त एक बटण दाबत राहायचं, कोणत्या सोबत्याला बरं करायचं हे तोच ठरवायचा. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने हे बंद केलं. हल्ला करणे, मंत्र म्हणणे, एखाद्याला टार्गेट करणे या गोष्टी 'प्रोटेक्टेड' झाल्या. अ‍ॅडऑनने सांगायचं, करायचं माणसाने. क्लासिकलाही हाच नियम. आता एखाद्या अ‍ॅडऑनने 'ब्रोकन टूथला टार्गेट कर' अशी आज्ञा दिली, तर गेम नकार देतो आणि 'ही कृती निषिद्ध आहे' असा इव्हेंट पाठवतो. गंमत अशी की तो प्राणी आसपास असेल तरच हा नकार येतो. नसेल तर काहीच होत नाही! म्हणजे दार वाजवायचं. आतून कोणी खेकसलं की समजायचं, घरात माणूस आहे. मी दर अर्ध्या सेकंदाला दार वाजवायची सोय केली, आणि एकदा ओरडलं की दोन मिनिटे गप्प बसायची.

"हे चीटिंग नाही का?" पार्टनरने विचारलं. बोलतोय कोण, तर जर्नल माझं उतरवणारा. पण प्रश्न बरोबर होता. तिकडे कुठेतरी दुसरा एक हंटर अ‍ॅडऑनशिवाय डोळे ताणून बसला असेल. मला विचाराल तर, वाघ आला हे सांगणं चालतं, वाघ पकडून देणं चालत नाही. पाळायला वीस सेकंद लागतात, तोवर वाघ चावत असतो, ते सगळं त्यालाच करायचं होतं. इतकंच काय, बराच वेळ हात लावला नाही तर गेम बाहेर काढतो, म्हणून मधूनमधून स्पेसबार दाबायचं कामसुद्धा मी अ‍ॅडऑनला दिलं नाही. देताही आलं नसतं. दर दोन गणितांनंतर एक उडी, असा त्याने हिशोब ठेवला.

राहिला प्रश्न ओरडण्याचा. मला 'आला रे आला' अशी अक्षरं स्क्रीनवर हवी होती, पण गेमच्या फाँटमध्ये देवनागरी दिसत नाही. मग आवाज. बीप त्याला झोपेत ऐकू येत नाही, मोबाइलचा अलार्मही नाही. एकाच आवाजाला तो उठतो. मेसच्या काकूंच्या. मी मोबाइल घेऊन गेलो आणि म्हटलं, "काकू, ते तुमचं 'गरम आहे, या लवकर' एकदा यात म्हणा ना." "कशाला रे?" "आमच्याकडे वाघ येणार आहे." काकू शांतपणे म्हणाल्या, "मग आधी सांगायचं, कणीक जास्त मळली असती."

पहिल्याच रात्री दीड वाजता काकूंचा आवाज घुमला. पार्टनर धावला, शेजारच्या खोलीतले दोघे ताटं घेऊन धावले. आणि स्क्रीनवर काय, तर दुसऱ्याच एका हंटरचा पाळलेला प्राणी, ज्याचं नाव त्याने हौसेने 'ब्रोकन टूथ' ठेवलं होतं. दार वाजवायच्या युक्तीला फक्त नाव कळतं, जंगली की पाळीव ते नाही. ते ओळखायला परत जवळची पट्टीच बघावी लागते. शेजारच्यांना मॅगी करून द्यावी लागली.

त्यानंतर नऊ दिवस काहीही नाही. अ‍ॅडऑन दार वाजवत होता, आतून कोणी बोलत नव्हतं. पार्टनर टेबलाशी बसलेला, एका खिडकीत बॅडलँड्स, समोर वही. सुरुवातीला तो दर मिनिटाला मान वर करायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाहिलं तर मान खालीच होती. लाप्लास संपलं, इन्व्हर्स लाप्लास संपलं. झेड ट्रान्सफॉर्म मला समजावून सांगितलं, आणि मला समजलंही.

दहाव्या दिवशी पहाटे काकू ओरडल्या. या वेळी खराच होता. पार्टनरने माऊस धरला, वीस सेकंद आम्ही दोघांनी श्वास घेतला नाही, वाघ दर सेकंदाला चावत होता, आणि पट्टी एकदाची संपली. मी टाळी द्यायला हात पुढे केला. तो मात्र खुर्चीत मागे रेलून वाघाकडे बघत राहिला. मग वहीकडे. मग माझ्याकडे.

"भावा," तो म्हणाला, "लिस्टमध्ये दुसरा कोणीतरी टाक. फूरियर राहिलाय."